जुन्या कपड्यांचं तिपेडी पायपुसणं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

घरात साठलेल्या जुन्या कपड्यांची वेणी घालायची, ती गोल गोल फिरवत एकमेकींना ओवायची, की पायपुसणं तयार. वेणी घालणं बहुतेकांना आधीच येत असतं आणि ओवणं अर्ध्या तासात जमतं. तरीही पहिलं पायपुसणं बऱ्याचदा वाटीसारखं वर उचलतं, कडेला झालरीसारखं फुगतं किंवा एका ठिकाणी जाड आणि दुसऱ्या ठिकाणी बारीक होतं. बाजारातून एकाच ठाणाचं कापड आणलं तर हा त्रास कमी. घरच्या साठ्यात मात्र पातळ साडी, मध्यम जाडीचा सदरा आणि राठ डेनिम एकाच पिशवीत असतात. या सगळ्यांतून एकसारख्या जाडीचे पेड काढणं हेच यातलं खरं काम आहे, त्यामुळे सुरुवातीचा बराच वेळ तिथेच द्यावा लागतो.

कापड निवडताना

सुती कापडाची गाठ सुती कापडाशीच घालावी, लोकरीची लोकरीशी. लोकर धुतल्यावर वेगळ्या प्रमाणात आटते आणि घासलीही वेगळी जाते. सुतीसोबत ती एकाच वेणीत असेल तर पहिल्या धुण्यातच वेणी वेडीवाकडी होते. टी-शर्टासारखं ताणलं जाणारं विणलेलं कापड आणि न ताणणारं चादरीचं कापड एका वेणीत घेऊ नये. ताणलेला पेड नंतर आखडतो आणि बाकीचे दोन पेड फुगतात. टी-शर्ट पुष्कळ असतील तर त्यांचं वेगळं पायपुसणं करावं, ते मऊ होतं आणि पाणीही छान शोषतं. गुळगुळीत कृत्रिम कापड पहिल्या खेपेला टाळलेलं बरं. ते दुमडीतून निसटतं, वेणीत घसरतं आणि गरम इस्त्रीखाली वितळतं.

सगळं कापड आधी धुऊन वाळवून घ्यायचं, नवं कोरं असलं तरी. आटायचं ते आत्ताच आटू द्या. गडद लाल, निळा, काळा रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा, आणि तरीही रंग सुटत राहिला तर बाजूला ठेवा. फिकट रंगांशेजारी ते ओवलंत तर सांडलेलं एक भांडं पाणीसुद्धा सगळ्या पायपुसण्यावर डाग पसरवायला पुरेल.

बटणं, चेन, खिसे, कॉलर आणि जाड शिवणी कापून टाका. शिवण उसवत बसण्यापेक्षा तिच्या शेजारून कापणं वेळेच्या दृष्टीने परवडतं. जरीचा काठ काढून ठेवावा, तो पायाला टोचतो आणि त्याचे धागे सुटून अडकतात. कापड उजेडासमोर धरून पाहा. जिथे ते विरलेलं दिसेल तो भाग पेड म्हणून टिकणार नाही. पण तो आठवणीचा तुकडा असेल आणि टाकवत नसेल, तर मजबूत कापडाच्या पट्टीवर ठेवून दोन्ही मिळून एकच पट्टी समजून दुमडा. मजबूत पट्टी तेवढ्या भागात थोडी अरुंद घ्यायची, म्हणजे जाडी वाढत नाही.

पट्टीची रुंदी

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळ्या कपड्यांच्या पट्ट्या एकाच मापाने कापणं. मोजायची ती दुमडल्यानंतरची जाडी. सुरुवातीला ही मापं धरून चालावं:

पातळ सुती साडी किंवा ओढणी: १० ते ११ सेंमी
सदरा, झबलं, पातळ कुर्ता: ७ ते ८ सेंमी
चादर, पलंगपोस: ६ सेंमी
जाड सुती पँट: ४ सेंमी
डेनिम: ३ ते ३.५ सेंमी
(वेगळं पायपुसणं करायचं असल्यास) टी-शर्ट: ५ ते ६ सेंमी

ही मापं शेवटची नव्हेत. प्रत्येक कापडाची एक मीटर पट्टी कापून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. एक मीटरचं वजन ९ ग्रॅमच्या आसपास येईल अशी रुंदी ठरवली की वेगवेगळी सुती कापडं बरीचशी सारखी होतात. डेनिम थोडं जड, १० ग्रॅमपर्यंत भरलं तरी चालतं. मग तीन वेगळ्या कापडांची वीतभर वेणी घालून बघा. एखादा पेड इतरांवर चढलेला दिसला तर त्याची पट्टी अर्धा सेंटिमीटर कमी करा. ही नमुन्याची वेणी टाकू नका, पुढे हिशोबाला लागते.

सुती विणीचं कापड फाडता येतं, आणि फाडावंच. कडेला कात्रीने छोटी खाच द्या आणि दोन्ही हातांनी एका दमात ओढा. कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे पट्टी आपोआप सरळ निघते. दशा सुटतील तेवढ्या काढून टाका, त्या दुमडीत लपतात. धूळ बरीच उडते, म्हणून हे काम खिडकीजवळ किंवा बाहेर करावं. शक्य तिथे लांबीच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने फाडा, त्या पट्ट्या कमी ताणतात. उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या कापलेल्या, पट्ट्या वेणीसाठी नकोत, ओढताना त्या लांबत जातात आणि बारीक होतात. डेनिम आणि टी-शर्ट कात्रीनेच कापावे लागतात.

किती कापड लागेल

हिशोब सोपा आहे. ६० बाय ९० सेंमीचं लंबगोल पायपुसणं धरू. त्याचं क्षेत्रफळ साधारण ४,६०० चौरस सेंमी. नमुन्याची वेणी २.२ सेंमी रुंद भरली असेल, तर ४,६०० भागिले २.२, म्हणजे जवळपास २१ मीटर वेणी. वेणीत पेड वळत जातो म्हणून पट्टी वेणीपेक्षा लांब लागते, साधारण १.४ पट. म्हणजे प्रत्येक पेडाला ३० मीटर, तीन पेडांना मिळून ९० मीटर पट्टी.

साडेपाच मीटर लांब आणि सव्वा-एक मीटर रुंद साडीतून ११ सेंमीच्या दहा-अकरा पट्ट्या निघतात, म्हणजे ५५ ते ६० मीटर. एकूण वजनाने पाहिलं तर या आकाराच्या पायपुसण्याला ८०० ग्रॅम ते १ किलो पट्टी लागते. कापणीत वाया जाणारं धरून सव्वा किलो कापड हाताशी असू द्या. स्वतःच्या कापडाचा नेमका आकडा हवा असेल तर नमुन्याची वेणी तोला, लांबी मोजा आणि गुणाकार करा. हा हिशोब कुठल्याही तक्त्यापेक्षा खरा.

आवडीचं कापड थोडंच असेल तर ते तिन्ही पेडांत वापरून एका फेऱ्यात संपवू नका. एकाच पेडात घाला, म्हणजे तेवढंच कापड तिप्पट लांब वेणीत दिसत राहतं.

पट्ट्या जोडणं

दोन पट्ट्या सरळ रेषेत शिवल्या तर जोडाचा सगळा जाडपणा एका जागी येतो आणि वेणीत गाठ दिसते. म्हणून जोड तिरका घ्यायचा. दोन्ही पट्ट्यांच्या सुलट बाजू एकमेकींना लावून त्या काटकोनात ठेवा, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी शिवण घाला, बाहेरचा त्रिकोण ६ मिमी ठेवून कापा आणि शिवण उघडून चपटी करा. मशीन नसेल तर बारीक उलटी टीप हातानेही पुरते.

शिवायचं नसेल तर दुसरी रीत आहे: दोन्ही टोकांपासून दीड सेंमी आत २ सेंमीची उभी चीर द्या, नवी पट्टी जुन्या पट्टीच्या चिरेतून थोडी ओढा, मग नव्या पट्टीचं मागचं टोक तिच्याच चिरेतून काढून घट्ट करा. पातळ कापडाला हे चालून जातं. डेनिमला अजिबात नाही, तिथे सुपारीएवढी गाठ होते.

तिन्ही पेडांचे जोड एका जागी येऊ देऊ नका. सुरुवातीला एक पट्टी १ मीटर, दुसरी दीड मीटर, तिसरी २ मीटर घेतली की पुढचे जोड आपोआप मागेपुढे पडतात. सगळ्या पट्ट्या आधीच जोडून मोठाले गुंडे करण्याचा मोह आवरा. अडीच-तीन मीटरपेक्षा लांब पेड एकमेकांत गुंततात आणि सोडवण्यातच वेळ जातो.

दुमड

पट्टीच्या दोन्ही कच्च्या कडा मध्यरेषेपर्यंत आत घ्या, मग पट्टी मध्यावर पुन्हा दुमडा. चार पदर होतात, एक बाजू बंद आणि दुसरी उघडी. कच्ची कड कुठेही बाहेर राहत नाही, त्यामुळे पायपुसणं दोन्ही बाजूंनी वापरता येतं. जाड डेनिमला चारऐवजी तीन पदर पुरतात. इस्त्रीने दुमड पक्की करून ठेवली तर पहिल्या खेपेला फार सोपं जातं. हात बसल्यावर बोटांनीच दुमडत वेणी घालता येते आणि इस्त्रीची गरज उरत नाही.

टी-शर्टाची पट्टी दुमडावी लागत नाही. दोन टोकं धरून ताणली की ती स्वतःच नळीसारखी वळते.

वेणी

सुरुवात गाठ मारून करू नका, मध्यभागी तो टेंगूळ कायम राहतो. दोन पट्ट्या तिरक्या शिवणीने जोडून त्यांची एक लांब दुमडलेली पट्टी करा. तिसऱ्या पट्टीचं टोक या जोडाच्या जागी दुमडीच्या आत सरकवून चार टाके घाला. इंग्रजी टी अक्षरासारखा आकार दिसेल, आडव्या दांडीचे दोन पेड आणि खाली लोंबणारा तिसरा.

हे टोक टेबलाला शिकंज्याने किंवा जाड पिनेने घट्ट अडकवा. मग उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून, अशी नेहमीची वेणी. दोन गोष्टी सांभाळायच्या. प्रत्येक पेडाची उघडी कड उजवीकडे राहू द्या. पुढे वळण उजवीकडे घ्यायचं असल्याने ती आतल्या बाजूला, जोडाच्या पोटात जाते. आणि पेड पिळू नका, बाजूला आडवा नेत दुमडा. पिळलेल्या जागी वेणी लगेच गोल आणि टणक होते.

ओढ किती हवी? वेणीच्या पेडांमधून पेन्सिल घालून बघा. सहज गेली तर वेणी सैल आहे. सैल वेणीचं पायपुसणं महिन्याभरात पसरतं आणि भोकं दिसू लागतात. उलट, वेणी काठीसारखी ताठ उभी राहत असेल तर ओढ जास्त झाली, अशी वेणी वळणावर वाकत नाही. ओढ कशीही असो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी हवी. थकल्यावर हात सैल पडतो, त्यामुळे एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त वेणी घालू नये. उठताना शेवटी कपड्यांचा चिमटा लावा.

लंबगोलासाठी मधल्या सरळ वेणीची लांबी म्हणजे पायपुसण्याची लांबी वजा रुंदी. ९० वजा ६०, म्हणजे ३० सेंमी. तेवढी सरळ वेणी झाली की पहिलं वळण येतं आणि नेहमीची वेणी तिथे वाकायला नकार देते. त्यासाठी दुहेरी वळसा घ्यायचा:

१. डावा पेड मधल्यावरून न्या.
२. आता जो डावा झाला, तोही मधल्यावरून न्या.
३. उजवा पेड मधल्यावरून न्या आणि घट्ट ओढा.

डाव्या कडेला वळसे जास्त पडतात, ती कड लांब होते आणि वेणी उजवीकडे वळते. असे साधारण तीन संच घेतले की वेणी उलट दिशेला तोंड करते. मग सरळ वेणी घालत सुरुवातीच्या टोकापर्यंत या, तिथे पुन्हा तीन संच. कापड जाड असेल तर दोन पुरतील, पातळ असेल तर चार लागतील. जमिनीवर सपाट ठेवून ठरवा. यानंतरच्या फेऱ्यांना दुहेरी वळशांची गरज नाही, वळण ओवण्यातून मिळतं. पूर्ण गोल पायपुसण्याला मध्यातच सहा ते आठ संच सलग घ्यावे लागतात आणि प्रत्येक फेऱ्यात सगळीकडे वळण सांभाळावं लागतं. म्हणून पहिल्यांदा लंबगोलच करा.

ओवणं

साधा शिवणाचा दोरा इथे चालत नाही, कापड घासून तो तुटतो. चामडं शिवायला वापरतात तसा मेण लावलेला जाड दोरा घ्या. सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी, कारण ती कापडातून जाणार नसून वळशांच्या, म्हणजे वेणीच्या कडेला पेड जिथे वळतो त्या घड्यांच्या, मधून जाणार आहे. टोकदार सुईने पेड टोचले जातात, आणि पुढे चूक दुरुस्त करायची वेळ आली की दोरा निघतच नाही.

सगळी २१ मीटर वेणी आधी घालून मग ओवायला बसू नका. मीटर-दोन मीटर वेणी घाला, तेवढी ओवा, पुन्हा वेणी. ओढ बिघडत असेल तर लवकर कळतं, आणि रंग कुठे बदलायचा हेही समोर बघून ठरवता येतं.

काम नेहमी टेबलावर किंवा जमिनीवर सपाट ठेवूनच करा. मांडीवर घेतलंत तर ते मांडीच्या आकाराने वाकलेलं ओवलं जातं, आणि तयार झाल्यावर कितीही दाबलं तरी सपाट होत नाही.

दीड मीटर दोरा घ्या, पहिल्या वळणाजवळ एका वळशाच्या आत गाठ लपवा. मग आतल्या वेणीच्या कडेचा एक वळसा, बाहेरच्या वेणीचा समोरचा वळसा, पुन्हा आतला, पुन्हा बाहेरचा, अशी सुई नेत राहा. प्रत्येक वेळी दोरा ओढला की दोन्ही कडा जिपरच्या दातांसारख्या एकमेकींत बसतात आणि दोरा दिसेनासा होतो. दोरा संपला की नवा चौकोनी गाठीने जोडून गाठ आत ढकला.

सरळ भागात एकाला एक वळसा. वळणावर मात्र बाहेरचा फेरा आतल्यापेक्षा लांब असतो, म्हणून बाहेरच्या वेणीचा एखादा वळसा न ओवता सोडायचा आणि पुढचा घ्यायचा. आतल्या वेणीचा वळसा कधीच सोडू नये, तिथे भोक पडतं. किती सोडायचे याचाही हिशोब आहे. वेणी २.२ सेंमी रुंद असेल तर प्रत्येक फेऱ्याला आधीच्या फेऱ्यापेक्षा साधारण १४ सेंमी जास्त वेणी लागते, पायपुसणं लहान असो वा मोठं. लंबगोलाच्या दोन टोकांत वाटून प्रत्येकी ७ सेंमी. तुमच्या वेणीच्या कडेवर दोन वळशांतलं अंतर मोजा. ते २ सेंमी असेल तर प्रत्येक टोकाला तीन किंवा चार वळसे सोडायचे. लागोपाठच्या फेऱ्यांत ते एकाखाली एक सोडू नका, थोडे सरकवा. नाहीतर गोल टोकाला कोपरे फुटतात आणि लंबगोल षटकोनी दिसू लागतो.

प्रत्येक फेरा झाला की हात बाजूला घेऊन बघा. कडा वर उचलत असतील, तर वळसे कमी सोडलेत किंवा दोरा फार ओढलात. कडा लाटेसारख्या हलत असतील, तर जास्त सोडलेत. अर्धा-एक सेंटिमीटरचा उठाव ओलसर फडकं ठेवून इस्त्री केल्यावर आणि रात्रभर वजनाखाली ठेवल्यावर बसतो. त्याहून मोठा असेल तर बिघडलेला फेरा उसवा. पुढच्या फेऱ्यात सावरून घेऊ असं वाटतं, पण सावरलं जात नाही, दोष बाहेर बाहेर वाढत जातो.

रंग बदलताना

एका वेळी एकच पेड बदला. तिन्ही एकदम बदलले की फेऱ्यावर पायरीसारखी रेघ उमटते. बदल नेहमी त्याच टोकाच्या वळणावर करा, सरळ भागात तो लगेच डोळ्यांत येतो. शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी गडद आणि मजबूत कापड आधीपासून राखून ठेवा. मळ आणि घासणं दोन्ही तिथे जास्त असतं, आणि साठा नेमका शेवटी संपतो.

शेवट

वेणी एकदम कापून शिवली तर कडेला शेपूट राहतं. वळण संपून सरळ भाग सुरू होतो तिथे शेवट येईल असं बघा. शेवटच्या २० ते २५ सेंमीत तिन्ही पट्ट्या कात्रीने हळूहळू निमुळत्या करा, टोकाला मूळ रुंदीच्या एक तृतीयांश. दुमडून वेणी पुढे घाला, ओवत जा, आणि उरलेली तीन टोकं क्रोशाच्या सुईने शेजारच्या फेऱ्याच्या वेगवेगळ्या वळशांखालून ओढून घ्या. साध्या दोऱ्याने चार-पाच टाके मारून टोकं कापून टाका.

वापरताना

फरशीवर थेट टाकू नये. वेणी गुळगुळीत फरशीवर सरकते, खाली रबरी जाळी कापून घाला, पायपुसण्यापेक्षा चहूबाजूंनी २ सेंमी लहान. धूळ झटकताना कडेला धरून आपटू नका, सगळा झटका ओवलेल्या दोऱ्यावर येतो. दोरीवर उलटं टाकून हाताने थोपटा किंवा व्हॅक्यूम फिरवा, मात्र फिरता ब्रश बंद ठेवून. धुताना गार पाण्यात साबणाने दाबून धुवा, पिळू नका, आणि सपाट पसरून वाळवा. ओलं असताना टांगलं तर स्वतःच्या वजनाने ते लांबट होतं. दोन-तीन महिन्यांनी उलटं करून फिरवून टाकलं की दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

कधीतरी एखाद्या जागी दोन फेरे सुटलेले दिसतील. त्याच दिवशी ओवून टाका. तुटलेल्या जागेच्या चार वळसे आधीपासून नवा दोरा सुरू करा आणि चार वळसे पुढेपर्यंत न्या, जुनी टोकं नव्या दोऱ्याला बांधून आत ढकला.